दुखत नाही, म्हणून पाहिलं नाही

शिंगणापुरातल्या घरांना चौकट असते, दार नसतं. कुठे पडदा, कुठे कुत्र्यामांजरांसाठी आडवी लावलेली फळी, एवढंच. गावाची राखण शनिदेव करतो ही इथली श्रद्धा, आणि २०११ साली गावात बँकेची शाखा उघडली तीसुद्धा बिनकुलपाची म्हणून गाजली. मी दातांची डॉक्टर. नेवासे तालुक्यात, सोनई-घोडेगावच्या पट्ट्यात माझं काम चालतं. मला त्या उघड्या चौकटींचा उपयोग झाला तो उजेडासाठी. पूर्वेकडच्या चौकटीतून सकाळचं ऊन थेट मधल्या खोलीत येतं. माणसाला चौकटीकडे तोंड करून बसवलं की टॉर्चही लागत नाही, जिभेच्या मुळापर्यंत सगळं लख्ख दिसतं.

अशाच एका घरी शाळेच्या तपासणीत सापडलेल्या मुलीची दाढ आईवडिलांना समजावून सांगायला गेले होते. मुलीची आजी चौकटीशी बसून ज्वारी निवडत होती. म्हणाली, "माझे बी दात बघा, आता राह्यलेत किती ते." दात बघून झाले. मी म्हटलं, "आजी, आता जीभ बाहेर काढा." तिनं काढली. रुमालाचं टोक धरून मी जीभ उजवीकडे ओढली, तर डाव्या कडेला, मागच्या दाढेच्या समोर, हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरट, खरबरीत डाग होता आणि त्याच्या मधोमध लालसर ठिपका. कापसानं पुसून पाहिला, निघाला नाही. "हे कधीपासून आहे?" आजी म्हणाली, "झालं असतील चार म्हयने. पण दुखत न्हाई ना बाई, मंग कशाला दाखवायचं?"

हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहितेय. तोंडाच्या बाबतीत आपला हिशोब नेमका उलटा आहे. मिरची लागली की झोंबणारा, जेवू न देणारा, रडवणारा फोड बहुतेक वेळा आठवडा-दहा दिवसांत आपोआप जातो. मुकाट्यानं बसलेला, न दुखणारा डाग मात्र महिनोन् महिने तिथेच असतो आणि आपण त्याला विचारतही नाही. कर्करोगाची किंवा त्याच्या आधीच्या अवस्थेची सुरुवात बऱ्याचदा अशी बिनदुखीची असते. दुखायला लागतं तेव्हा तो आत उतरलेला असतो.

म्हणून महिन्यातून एकदा स्वतःची जीभ बघा. दिवस ठरवून घेतला तर विसरायला होत नाही. आमच्याकडच्या बायकांना मी अमावास्या सांगते, कारण त्या दिवशी शनिदर्शनाला गावाकडे येणारी गर्दी पाहून अमावास्या आहे हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. दात घासून, चूळ भरून, आरसा घेऊन दारात किंवा खिडकीशी उजेडाकडे तोंड करून बसा. कवळी असेल तर ती आधी काढून ठेवा. जीभ सरळ बाहेर काढा आणि वरची बाजू बघा. मग स्वच्छ रुमालानं जिभेचं टोक चिमटीत धरा, हलकेच उजवीकडे ओढा आणि डावी कड मागेपर्यंत बघा. मग उलट. टोक टाळूला लावा म्हणजे जिभेची खालची बाजू आणि तोंडाचा तळ दिसेल. गाल बोटानं बाहेर ओढून आतून बघा. ओठ उलटे करा. मान मागे टाकून टाळू बघा. शेवटी बोट आतून आणि दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखालून लावून चाचपा, आणि मानेच्या दोन्ही बाजू चाचपा. दोन मिनिटं लागतात. यात कडा आणि तळ या दोन जागा सोडू नका. आपण आरशात जीभ बघतो ती नेहमी वरून, आणि जिभेचा कर्करोग बहुतेकदा कडेला होतो.

पहिल्यांदा पाहिलं की माणसं घाबरतात हे मला ठाऊक आहे. जिभेच्या मागे, घशाजवळ, उलट्या 'व्ही'च्या आकारात मोठे गोल उंचवटे दिसतात. कडेला मागच्या बाजूला उभ्या पाकळ्यांसारख्या घड्या असतात. हे जिभेचे नेहमीचे भाग आहेत, तिथे चवीच्या कळ्या असतात. जिभेखाली निळ्या शिरा असतात आणि वय वाढलं की त्या फुगून जांभळ्या दिसतात, त्यानं काही बिघडत नाही. काहींच्या जिभेवर खोल चिरा असतात, जन्मभर असतात, फक्त त्यात अन्न अडकू नये म्हणून हळुवार साफ कराव्या लागतात. काहींच्या जिभेवर नकाशासारखे गुळगुळीत लाल तुकडे पांढऱ्या कडेसह दिसतात आणि आठवड्यानं पाहिलं तर ते जागा बदलून दुसरीकडे गेलेले असतात. त्याला तिखट जरा लागतं, पण तो रोग नाही आणि कुणाला लागतही नाही. हा जागा बदलणारा नकाशा घेऊन घाबरलेल्या आया पोरांना माझ्याकडे आणतात तेव्हा मला बरं वाटतं, कारण त्यांनी निदान पाहिलेलं असतं.

आता काय दिसलं तर थांबायचं नाही ते सांगते. पुसून न निघणारा पांढरा डाग. मखमलीसारखा लाल डाग, जो पांढऱ्यापेक्षाही जास्त गंभीरपणे घ्यायचा. कडा उचललेली, बोटाला कडक लागणारी जखम. वारंवार रक्त येणारी जागा. काढलेल्या दाढेचा न भरणारा खड्डा, काही कारण नसताना हलणारा दात. जीभ पूर्वीसारखी बाहेर येत नाही किंवा एका बाजूला वळते. गिळताना अडतं, आवाज बदललाय, मानेत गाठ लागतेय, किंवा तोंडात जखम आहे आणि त्याच बाजूचा कान ठणकतोय. कानाच्या डॉक्टरांनी कानात काही नाही म्हटलं की माणूस निश्चिंत होतो. पण जिभेच्या मुळाचं दुखणं कानात उमटतं.

यासाठी मुदत दोन आठवड्यांची. कोणतीही जखम, कोणताही डाग, कारण काहीही वाटत असो, दोन आठवड्यांत गेला नाही की दाखवायचा. तुटक्या दाताची धार लागून झालेली जखमसुद्धा धार घासल्यावर दोन आठवड्यांत भरली पाहिजे. मी नवीन होते तेव्हा एका माणसाच्या दाढेची धार घासून दिली आणि 'पंधरा दिवसांनी या' म्हणून सोडून दिलं. ना तारीख लिहून दिली, ना फोन नंबर घेतला. तो सात महिन्यांनी आला, कारण दुखायला लागलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला भिंतीवरच्या कॅलेंडरवर जखम दिसली त्या तारखेवर पेनानं फुली मारायला लावते. 'थोडे दिवस झाले' या शब्दांत काहीच मोजता येत नाही. फुली मोजता येते.

आणि ही नुसत्या बघण्याची ताकद कमी समजू नका. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन फक्त उजेडात लोकांची तोंडं बघत होते. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू अशा तपासणीमुळे सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले होते. कोणतंही मशीन नव्हतं.

रोजच्या काळजीकडे येते, आणि सुरुवात शनिवारपासून करते. आमच्याकडे शनिवारचा उपास घरोघर असतो आणि संध्याकाळपर्यंत तोंडाला वास येतो ही तक्रारही घरोघर असते. बऱ्याच जणांना वाटतं की वास पोटातून येतो. क्वचित तसं असतं; बहुतेक वेळा वास तोंडातच तयार होतो, आणि त्यातही जिभेच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्यावर. जिभेचा पृष्ठभाग गालिच्यासारखा आहे. त्या बारीक धाग्यांत मेलेल्या पेशी, अन्नाचे कण आणि जंतू अडकतात, आणि हवा न लागणाऱ्या जागी राहणारे जंतू त्यातून सडक्या अंड्यासारखा वास असलेले वायू सोडतात. एरवी लाळ हे सगळं धुऊन नेते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. पण ती चावल्यानं, खाल्ल्यानं सुटते. उपासाला चावणं नाही, पाणी कमी, आणि वर दिवसभर चहा. मग थर साचतो. उपास मोडा असं मी कधीच सांगणार नाही. पाणी चालत असेल तर घोट घोट पीत राहा, दर दोन-तीन तासांनी चूळ भरा, आणि उपासाच्या दिवशी सकाळ-रात्र दोन्ही वेळा जीभ साफ करा. साबुदाणा, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, चिक्की हे सगळे पदार्थ दाढांच्या खाचांत चिकटून बसतात, म्हणून फराळानंतर चूळ भरणं एरवीपेक्षा जास्त गरजेचं. ज्या दिवशी आपण जेवत नाही त्या दिवशी दात घासायची गरज नाही असं समजणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात.

जीभ साफ करणं आपल्याकडे नवं नाही. चरकसंहितेत जीभ खरवडायच्या पट्टीचं वर्णन आहे. सोनं, चांदी, तांबं, कथील, पितळ अशा धातूंची, धार नसलेली, वाकवलेली पट्टी. तांब्याची किंवा स्टीलची तशीच पट्टी आज बाजारात पन्नास-शंभर रुपयांत मिळते, ती घ्या. जीभ बाहेर काढा, पट्टी जमेल तितकी मागे ठेवा आणि हलक्या हातानं पुढे ओढा. दर वेळी पट्टी धुवा. चार-पाच वेळा पुरे. ओकारी येत असेल तर श्वास सोडताना ओढा आणि सुरुवातीला अर्ध्यातूनच करा, आठवड्याभरात सवय होते. रक्त येईपर्यंत खरवडणाऱ्यांनी हात आवरावा. जीभ गुलाबी दिसली पाहिजे, सोललेली नाही. सकाळी पातळ पांढरी साय असणं अगदी नैसर्गिक आहे, ती पूर्ण घालवण्याच्या मागे लागू नका. थर पिवळा, काळसर, जाड झाला तर मात्र कारण शोधा: कोरडं तोंड, तंबाखू, तोंडानं श्वास घेणं, ताप, लांबलेला अँटिबायोटिकचा कोर्स.

सकाळी उठून तिळाच्या तेलाच्या गुळण्या करण्याची चाल हल्ली पुन्हा आली आहे. करायच्या तर करा, तोंडाला स्निग्धपणा येतो, फक्त ते तेल गिळू नका आणि ब्रशाच्या जागी ते मानू नका. एक मात्र हात जोडून सांगते. शनिदेवाला वाहिलेलं, त्याच्या चौथऱ्यावरून वाहून आलेलं तेल तोंडात घेऊ नका. हे करणारा माणूस मी पाहिलाय, भक्तीनं करत होता. त्या तेलात दिवसभराची धूळ, पानंफुलं आणि शेकडो हात असतात.

दात घासण्याबद्दल लांबण लावत नाही. मऊ ब्रश, फ्लोराइड लिहिलेली पेस्ट, साधारण १,००० पीपीएमची. सकाळी आणि रात्री, दोन मिनिटं. रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ सर्वांत कमी असते. घासून झाल्यावर थुंका, पण भसाभस चुळा भरू नका. पेस्टीचा अंश दातांवर राहिला तर कामाचा असतो. पहिला दात आला की बाळाचं घासणं सुरू करा, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, नंतर वाटाण्याएवढी. दात येण्याआधी ओल्या मऊ कापडानं हिरड्या पुसा, आणि चोखणीला किंवा जिभेला मध लावू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा असतो. कडुलिंबाची काडी वाईट नाही, पण ती दाढांच्या मागे पोचत नाही. राखुंडी, कोळसा, विटेची पूड, मीठ यांनी दाताचं आवरण झिजतं, आणि झिजलेलं आवरण परत येत नाही.

घोडेगावहून शिंगणापूरकडे येताना रस्त्याच्या कडेनं रसवंत्या लागतात. बैल लाकडी चरकाभोवती फिरतोय, घुंगरं वाजतायत, उन्हातान्हातून आलेला भाविक थांबतो. थांबू द्या, मीही थांबते. पण मोठ्या पेल्यात सहा-आठ चमचे साखर असते हे लक्षात ठेवा. एका दमात पिऊन वर साध्या पाण्याची चूळ भरली तर दातांना फार त्रास नाही. त्रास होतो तो घोट घोट, तासभर, दिवसातून चारदा पिण्यानं. आमच्या भागातल्या रानात मुलं अख्खी दुपार उसाचं कांडं चघळतात आणि आई म्हणते की ऊस चावल्यानं दात घट्ट होतात. चोयट्यानं दात घासले जातात हे खरं, पण रस मागच्या दाढांत साचून राहतो हेही खरं, आणि सहा-सात वर्षांच्या मुलांच्या नव्या दाढा तिथेच किडतात. साखरेचं प्रमाण जितकं महत्त्वाचं, त्याहून जास्त महत्त्वाचं ती दिवसातून किती वेळा तोंडात येते हे.

'तोंड आलंय, उष्णता झालीय.' दवाखान्यात दहातली एक तरी तक्रार ही असते. जिभेवर, ओठाच्या आत मधोमध पिवळट आणि लाल कडेचे छोटे फोड. जागरण, परीक्षा, दाताखाली जीभ येणं, पाळीच्या आधीचे दिवस, किंवा काहीही कारण नाही. आजीचे उपाय यावर ठीक आहेत: जाईचा पाला चावणं, कोवळं तोंडलं चघळणं, साजूक तूप लावणं, कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या. आराम पडतो आणि आठ-दहा दिवसांत फोड जातात. पण तोंड सारखंच येत असेल, महिन्याला एकदा, किंवा जिभेचा नेहमीचा खरबरीतपणा जाऊन ती गुळगुळीत, लालभडक, चरचरणारी झाली असेल तर रक्त तपासा. बी-१२, फॉलिक ॲसिड किंवा लोह कमी असलं की जीभ असं बोलते. माळकरी, पूर्ण शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता पुष्कळ दिसते, आणि घरात दूध असलं तरी ते पोरांच्या आणि पुरुषांच्या पेल्यात जातं. पाळीत जास्त अंगावर जाणाऱ्या बायकांची जीभ पांढुरकी, फिकट दिसते, तेव्हा हिमोग्लोबिन बघून घ्या. मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या वर्षानुवर्षं खात बसण्यापेक्षा एकदाच केलेली तपासणी स्वस्त पडते. दुखऱ्या दाढेशी ॲस्पिरिनची गोळी धरू नका, चुना किंवा तंबाखू दाबू नका. त्यानं गालाची आतली कातडी अक्षरशः जळते.

आता तंबाखू आणि सुपारी. इथे मी सावकाश बोलणार आहे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले जवळपास २४ टक्के प्रौढ न ओढायची, म्हणजे चघळायची किंवा लावायची तंबाखू वापरत होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. आमच्या जिल्ह्यात त्याची जागा माव्यानं घेतली असं म्हणायलाही जागा नाही, मावा आधीपासूनच होता. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या तुकड्यात घालून तळहातावर चोळायचा. ट्रॅक्टरवाला, जीपवाला, कॉलेजचा मुलगा, सगळ्यांच्या खिशात. आणि घरात बायकांची मिसरी, म्हणजे मशेरी. पहाटे तव्यावर भाजलेली तंबाखू कुटून डबीत. ऊसतोडीच्या टोळीतल्या बायका पहाटे तीन-चारला उठतात, आणि दिवसाचं पहिलं काम मिसरी लावण्याचं असतं. 'त्याबिगर पोट साफ होत न्हाई', 'दात दुखायचे ते थांबले'. हे त्यांचं म्हणणं मी खोडून काढत नाही. तंबाखूनं आतड्याला चालना मिळते आणि हिरडी बधिर होते, म्हणजे त्यांना जे वाटतं ते खरंच वाटतं. मी एवढंच करते, आरसा देते आणि खालचा ओठ उलटा करून दाखवते. जिथे चिमूट बसते तिथली कातडी पांढरी, सुरकुतलेली, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारखी झालेली असते. बाई ते बघते आणि गप्प होते. गरोदर बाईनं मिसरी लावली तर बाळ वजनाला कमी भरतं, हेही त्याच वेळी सांगते, सासूच्या समोर.

माव्याचं आणि नुसत्या सुपारीचं दुखणं वेगळं. लोक म्हणतात, 'तंबाखू नाही मॅडम, फक्त सुपारी.' सुपारी तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये तसं जाहीर केलेलं आहे. शिवाय सुपारीनं गालाच्या आतल्या कातडीखाली टणक तंतू तयार होतात. पहिली खूण म्हणजे तिखट सहन न होणं. मग गाल आतून पांढरट, चामड्यासारखा लागतो, जीभ आखडते, आणि तोंड उघडायचं कमी होतं. स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी करून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तीन जायला हवीत. शिर्डीवरून भाविकांना घेऊन येणारा एक जीपचालक माझ्याकडे आला, वय सव्वीस. दीड बोट जात होतं. भाकरीचा घास तोंडात मावत नाही म्हणून तो दुधात कुस्करून चमच्यानं खायचा, आणि बायकोला वाटायचं की त्याला तिच्या हातची भाजी आवडत नाही. त्याचा मावा सुटला. तोंड अडीच बोटांपर्यंत आलं, व्यायाम आणि इंजेक्शनांनी, वर्षभरात. पूर्वीसारखं होणार नाही हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या कातडीवर पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून तो दर सहा महिन्यांनी येतो.

सोडायचं कसं? एक तारीख ठरवा, घरात सांगा, डबी आणि पुड्या फेका. तलफ येते ती काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी प्या, चालायला लागा, भाजलेली बडीशेप, जवस, ओवा, लवंग तोंडात टाका. सुपारी मात्र नाही, गोड नाही, भाजकी नाही, 'साधी' म्हणून विकतात ती तर मुळीच नाही. पहिला आठवडा सर्वांत कठीण, चिडचिड होते, झोप उडते, पोट साफ होत नाही. पोटासाठी सकाळी कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी, भाकरी ठेवा. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन आहे, तिथे समुपदेशक बोलतात आणि पुढे पुन्हा फोन करून विचारपूसही करतात. एकदा सोडून परत लागलेल्या माणसाला हिणवू नका. सोडणारे बहुतेक लोक दोन-चार प्रयत्नांनंतरच सुटतात.

मधुमेह असलेल्यांनी, दम्याचा पंप घेणाऱ्यांनी आणि कवळी वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. जिभेवर किंवा टाळूवर दह्यासारखा पांढरा थर आला आणि तो पुसून निघाला, खाली लाल दिसलं, तर ती बुरशी असते. औषधानं जाते, पण साखर तपासा. पंप घेतल्यावर दर वेळी चूळ भरा. कवळी रात्री काढा, ब्रशानं साध्या साबणानं घासा आणि पाण्यात ठेवा. दिवसरात्र कवळी घालून झोपणाऱ्या आजोबांची टाळू लालबुंद झालेली असते आणि त्यांना पत्ताही नसतो. तेही दुखत नाही.

दाखवायचं कुठे? गावातल्या आशाताईंना सांगा. तिशीपुढच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, ती करून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय. आपल्या जिल्ह्यात लोणीला प्रवरेचं ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे. उपचार मोठा निघाला तर कर्करोगाचे बरेच उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवू म्हणाले तर पळून येऊ नका. 'हत्यार लागलं की पसरतं' हे मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि या एका समजुतीपायी माणसं गेलेली पाहिलीत. तुकडा काढल्यानं कर्करोग पसरत नाही. तुकडा न काढल्यानं तो काय आहे हे कळत नाही, आणि वेळ जातो. जागा बधिर करतात, दोन-तीन टाके पडतात, संध्याकाळी थंड दूध-भात खाता येतो.

आजीचाही तुकडा काढला. त्या दिवशी ती दवाखान्याच्या बाकावर डोक्यावरचा पदर दातात धरून बसली होती. अहवाल आला: कर्करोग नव्हता, त्याच्या अलीकडची पायरी होती. तेवढा भाग काढून टाकला. मिसरीची डबी तिनं सुनेच्या हातात दिली. मध्ये दोनदा परत मागून घेतली, पुन्हा दिली. गेल्या महिन्यात त्या घरी गेले तेव्हा ती चौकटीशी बसली होती, आणि समोर शेजारची जाऊ जीभ बाहेर काढून. आजीनं तिच्या जिभेचं टोक पदरानं धरलं होतं आणि मला बघून म्हणाली, "बाई, इकडं या, हे काय हाये बघा. मला काय वाटत न्हाई, पण तुमी बघा."